प्रतिकारशक्ती चांगली असेल तर टीबीचे जंतू शरीरात टिकतातच कसे?

टिकतात, कारण ज्या पेशीने त्यांना खायचं, तिच्याच पोटात ते बिऱ्हाड थाटतात. मी मिरजेला लॅबमध्ये बेडक्याच्या स्लाईड तपासते, त्यामुळे प्रश्न बघून राहवलं नाही.

फुप्फुसातली मॅक्रोफेज पेशी जंतू गिळते. एरवी गिळलेल्या जंतूभोवतीची पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्याच पाचक रसांच्या पिशवीला, जाऊन मिळते, आत आम्ल चढतं, पाचक रस सुटतात, विषय संपला. टीबीचा जंतू ही गाठच पडू देत नाही. वर अंगावर मायकोलिक आम्लाचं मेणचट कवच. ते किती चिवट ते विचारा मला. लाल रंग घालून खालून आच द्यायची, मग वरून सल्फ्युरिक ॲसिड. बाकी सगळ्यांचा रंग धुऊन जातो, हा सोडत नाही. मग निळा रंग द्यायचा, त्या निळ्यात तेवढ्या बारीक लाल काड्या दिसतात.

आमचे चुलत सासरे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. त्यांच्या मुलाला टीबी झाला. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं, तशा मामांनी गोळ्या बंद केल्या. "घरात पोत्यानं हळद आहे, ह्याला कसली कमी? आणि लघवी लाल होतीय, रक्त जळतंय पोराचं." अहो, तो टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन औषधाचा रंग! तसं म्हटलं तर पंगतीत सगळ्यांदेखत ऐकवलं, "तू काचा बघ, डॉक्टर होऊ नको." दिवाळीच्या सुमाराला पोराच्या बेडक्यात परत लाल काड्या. काच मीच बघितली. औषध पुन्हा पहिल्यापासून. मामा अजून म्हणतात, त्या वर्षी हळदच हलकी होती.

खोकला थांबतो तेव्हा भराभर वाढणारे जंतू मेलेले असतात, सुस्त पडलेले उरतात. साध्या टीबीला सहा महिने गोळ्या त्यांच्यासाठीच.

हां, प्रतिकारशक्ती अगदीच कुचकामी नाही. जंतू शिरलेल्या बहुतेकांना ती आजारी पडूच देत नाही, गाठीत कोंडून ठेवते. शुगर किंवा एचआयव्ही असेल तर कोंडलेले सुटायची भीती जास्त. आणि सगळे जंतू असे आत घुसून राहत नाहीत. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस साखरेचं वेष्टण घेऊन गिळलं जाणंच टाळतो. त्यावर कुणीतरी वेगळं लिहा.

हळदीच्या दुधाला माझी ना नाही, गोळी घेऊन वर खुशाल प्या. यार्डात कुणाची ओळख असेल तर हे उत्तर मामांना दाखवलंत तरी चालेल.