चॅट्सवर्थ हाउसला आई-वडिलांना नेताना फक्त बागेचं तिकीट काढलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की हातात एकच दिवस आहे, वडिलांचे गुडघे दुखतात, आणि घर व बाग दोन्ही झेपेल का याची शंका आहे. चॅट्सवर्थ म्हणजे इंग्लंडातल्या डर्बीशरमधला एका ड्यूक घराण्याचा जुना वाडा आणि त्याभोवतीची मोठी बाग. मी शेफील्डला राहतो, तिथून ते जवळ, त्यामुळे चार-पाच वेळा जाणं झालंय. माझं मत विचाराल तर फक्त बागेचं काढा. दोन्ही काढलंच तर आधी बाग, मग घर.

मी हे उलटं केलं होतं. आमच्या अप्पांना नेलं तेव्हा सकाळचा सगळा उत्साह घरात संपला. घर भव्य आहे यात वाद नाही. मोठ्या दालनाच्या भिंतींवर नि छतावर ज्युलियस सीझरची चित्रं आहेत, आणि एका दारावर टांगलेलं व्हायोलिन रंगवलंय ते जवळ जाईपर्यंत खरंच वाटतं. पण जिने चढून-उतरून अप्पा दमले आणि बागेत पाय ठेवला तेव्हा दुपार कलली होती. बाग १०५ एकरांची, तीही टेकडीच्या उतारावर. जे बघायला त्यांना आणलं होतं तेच घाईत उरकावं लागलं. त्याची मला अजून हळहळ वाटते.

कारण आम्ही रावेरकडचे. अप्पांनी उभ्या हयातीत केळीच लावली, आणि त्यातली कितीतरी वर्षं बसराई. या बसराईचं जगभर चालणारं नाव ड्वार्फ कॅव्हेंडिश. कॅव्हेंडिश हे चॅट्सवर्थच्या मालकांचं, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचं आडनाव. जात मूळ आशियातलीच, नाव तेवढं इथलं. मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेलं एक रोप इथल्या मुख्य माळ्याने, जोसेफ पॅक्स्टनने, मिळवलं आणि काचघरात ऊब देऊन वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात, बाहेर कडाक्याची थंडी असताना, ती केळ निसवली, म्हणजे तिला फुलोरा आला. पुढे मिशनऱ्यांनी तिची रोपं सामोआ बेटांवर नेली. आज आपल्याकडे लावतात ती ग्रँड नैनही याच कॅव्हेंडिश गटातली. आजही इथल्या काचघरात केळ आहे. घाई होती तरी अप्पा तिच्यापाशी रेंगाळले. खोडाला हात लावू देत नाहीत, म्हणून वाकून बुडाशी पिलं किती फुटलीत ते बघत होते. काचघर त्या दिवशी उघडं आहे का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

पॅक्स्टन शेतकऱ्याचा मुलगा. ९ मे १८२६ ला पहाटे साडेचारला तो इथे नोकरीवर हजर झाला, तेव्हा वय २२. फाटक बंद, म्हणून भिंतीवरून आत उतरला, सगळी बाग पालथी घातली, सहाला माणसं कामाला लावली. न्याहारीला ज्या मुलीची ओळख झाली तिच्याशीच पुढे लग्न केलं. त्याने इथे बांधलेलं मोठं काचघर आज नाही. पहिल्या महायुद्धात ते तापवायला कोळसा मिळेना, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. त्या जागी आता हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह आहे. या काचघरांवर हात बसला होता म्हणूनच १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी तो क्रिस्टल पॅलेस ही काच-लोखंडाची अवाढव्य इमारत उभी करू शकला.

वडिलांना पाण्यात रस असेल तर एम्परर कारंजं चुकवू नका. रशियाचा झार येणार म्हणून पॅक्स्टनने १८४४ मध्ये ते केलं, झार काही आला नाही. पंप नाही, इंजिन नाही. वर टेकडीवर तळं खोदलंय, तिथून नळाने पाणी खाली येतं आणि नुसत्या उताराच्या जोरावर उसळतं. २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. अप्पांनी मला नळाचा व्यास विचारला होता, मला सांगता आला नाही. कारंजं नि पायऱ्यांचा जुना धबधबा दोन्ही रोज चालू असतीलच असं नाही, तेही विचारून जा.

गुडघ्यांसाठी व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. वरच्या चढाच्या वाटा सोडून द्या, खालच्या सपाट भागातही दोन-तीन तास सहज जातात. जेवण जुन्या घोड्यांच्या पागेत मिळतं. डबा नेलात तर डरवेंट नदीकाठी बसा. बाहेरच्या कुरणात फिरायला तिकीट लागत नाही, मेंढ्या चरत असतात.

आणि संध्याकाळी अर्धा तास उरला तर गाडीने पलीकडच्या एडन्सर गावात जा. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे. अप्पांना तिथे नेता आलं नाही. पुढच्या खेपेला आम्ही तिथूनच सुरुवात करणार आहोत.