नवा अभ्यासक्रम, जुनी प्रश्नपत्रिका

प्रश्न : यंदा आमच्या दोन इयत्तांना नवा अभ्यासक्रम लागू झाला. प्रशिक्षणं झाली, पुस्तकं आली, शिक्षकांची पाठांची टाचणंही नव्या नमुन्यात येतात. वर्गात डोकावलं की मात्र शिकवणं जुनंच. मुख्याध्यापिका म्हणून कुठून सुरुवात करू?

उत्तर : टाचणं बाजूला ठेवा आणि येत्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मागवा. ती जुन्या साच्यातली असेल, तर शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. परीक्षेत येणार तेच वर्गात शिकवलं जातं. ‘बाष्पीभवनाची व्याख्या लिहा’ला पाठांतर पुरतं. ‘पसरलेला ओला कपडा घडी घातलेल्यापेक्षा लवकर का वाळतो?’ असं विचारलं की पुरत नाही; दोन फडकी वर्गात वाळत घालावीच लागतात. पण सगळी प्रश्नपत्रिका एकदम पालटू नका. पहिल्या चाचणीत २० पैकी ६ ते ८ गुणांचे असे प्रश्न पुरेत, आणि त्यांचे नमुने मुलांना, पालकांना दोन-तीन आठवडे आधी द्या. नाहीतर गुण घसरतात, पालक तक्रार घेऊन येतात आणि दुसऱ्या चाचणीला व्याख्या परततात.

मग वेळापत्रक. एका विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातून एक ऑफ तास एकत्र हवा. तो देणं सोपं, टिकवणं अवघड: कुणी रजेवर गेलं की बदली तासासाठी पहिला बळी त्याचाच जातो. तिथे तुम्हीच आडवं यायचं. त्या तासाला माहितीपत्रकं वाचत बसू नये. पुढचा एकच पाठ आणि मुलांच्या पाच वह्या समोर असाव्यात. पाचही वह्यांत उत्तर शब्दशः सारखं असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे.

कुरकुर होईलच. टेक्सास विद्यापीठात १९७०च्या दशकात शिक्षण-संशोधक जीन हॉल आणि सहकाऱ्यांनी बदलाच्या वेळी शिक्षकांना वाटणाऱ्या चिंतांचा क्रम मांडला, तो आजही उपयोगी आहे: आधी ‘मला जमेल का?’, मग ‘वेळ आणि साहित्य कुठून आणू?’, त्यानंतर ‘मुलांना फायदा होतोय का?’ पहिल्या चिंतेत अडकलेल्या ज्येष्ठ शिक्षकाला धोरणाचे फायदे ऐकवून काय होणार? त्याच्यासोबत एक पाठ बसून तयार करा. वर्गात जाल तेव्हा दहा मिनिटंच बसा, शेरेबुक न नेता.

आणि नव्या नोंदी आल्या असतील, तर जुनी एखादी नोंदवही याच महिन्यात बंद करा. कुठली, ते शिक्षकांनाच विचारा. नाव लगेच सांगतील.