चाक जागेवर फिरायला लागलं की आधी पाय उचल

चिखलात ट्रकचं चाक फिरतंय पण गाडी हलत नाहीये, तर एक्सलेटर ताबडतोब सोड. नवा ड्रायव्हर इथे हमखास उलटं करतो, अजून रेस देतो. नक्षीत चिखल भरून टायर गुळगुळीत होतो, चाक खड्डा खणत जातं आणि डिफरन्शियलचा (इंजिनचा जोर मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी) गोळा जमिनीला टेकला की मग क्रेनच.

एका बाजूचंच चाक का फिरतं? साधा डिफरन्शियल दोन्हीकडे सारखाच जोर देतो, त्यामुळे निसरड्यावरचं चाक जेवढा जोर घेईल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधून सारखी फिरवणारं कुलूप, त्यासाठीच असतो. पण तो चिखलात शिरण्याआधी, गाडी उभी असताना लाव. फिरत्या चाकावर लावलास तर दाते किंवा शाफ्ट जायची भीती. पक्क्या रस्त्यावर आलास की लगेच काढ, नाहीतर वळणावर गाडी सरळच ओढते.

रिकामी गाडी जास्त घसरते, मागच्या एक्सलवर वजनच नसतं. लिफ्ट एक्सल (वर उचलता येणारा जादा चाकांचा आस) असेल तर उचलून बघ, भार इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांवर येतो. निघताना दुसरा गिअर, क्लच हळू. ओल्या उतारावर, विशेषतः रिकाम्या गाडीत, इंजिन ब्रेक (इंजिनच्याच रोधाने गाडीचा वेग कमी करणारी सोय) बंद ठेव.