एचओ स्केलच्या (1:87 मापाच्या मॉडेल रेल्वेच्या) सिग्नलमध्ये एलईडीसाठी किती बारीक तार घ्यावी?

0.2 मि.मी. जाडीची इनॅमलची (वर वार्निशसारखा पातळ विद्युतरोधक थर असलेली) तांब्याची तार घ्या. पण नुसत्या जाडीवर जाऊ नका. इनॅमल कुठलं आहे ते आधी विचारा, कारण लोक तिथेच फसतात आणि मग खापर तारेच्या बारीकपणावर फोडतात. हे मी जरा चिडून लिहितोय, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही.

माझ्या मेहुण्याचं भोसरीला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. हात अतिशय चांगला, त्याबद्दल वाद नाही. मी घाटातल्या एका छोट्या स्टेशनचं लेआउट करत होतो आणि त्यासाठी चार अस्पेक्टचा (चार संकेत दाखवणारा) स्टार्टर, म्हणजे गाडीला स्टेशनातून सुटायची परवानगी देणारा सिग्नल बनवायला घेतला होता. वर पिवळा, मग हिरवा, मग पुन्हा पिवळा, सगळ्यात खाली लाल. म्हणजे चार एलईडी, सगळ्यांची मिळून एक कॉमन धरून पाच तारा, आणि या पाचही जेमतेम एक मि.मी. पोकळीच्या पितळी नळीतून खाली उतरवायच्या. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार इथे बादच. वायर-रॅपिंगची 30 गेजची घेतली तरी आवरणासकट अर्ध्या मि.मी.च्या आसपास भरते आणि अशा पाच त्या नळीत जात नाहीत. इनॅमलच्या 0.2 च्या पाच आरामात जातात.

मेहुणा म्हणाला, "दाजी, विकत कशाला घेता, पंख्याची 36 नंबर देतो की." जाडी बरोबर होती, मी हो म्हटलं. पण पंख्याच्या तारेचं इनॅमल उष्णता सोसण्यासाठीच बनवलेलं असतं, ते सोल्डरिंग आयर्नला कशाला दाद देईल? टोक नुसतं काळं पडलं आणि सोल्डर गोळी होऊन घरंगळली. मी म्हटलं राहू दे, दुसरी तार आणतो. "द्या इकडे," म्हणून त्याने लायटर काढला, टोकं जाळली, वरून पॉलिश पेपर मारला आणि एकामागून एक जोडून टाकली. दिसायला झकास. नळीत ओवून खालून ओढलं, तर हिरव्याची तार नेमकी घासलेल्या जागी तुटली आणि लालची आपल्याबरोबर एलईडीचा पॅडच (तार जोडायची धातूची पट्टी) उपटून घेऊन आली. 0603 चा एलईडी म्हणजे 1.6 बाय 0.8 मि.मी. त्याचा पॅड गेला की एलईडी फेकायचा. यावर साहेबांचा निकाल: "तार फार बारीक आहे दाजी, जाड घ्या. ही करंटने पण जळेल."

तेव्हापासून घरात काही कार्य असलं की चारचौघांत हे ऐकवतो.

तार तुटली ती पॉलिश पेपरने चरे पडून. आता जळण्याचं बघू. वाइंडिंगवाल्यांचाच ढोबळ हिशोब घ्या, एका चौरस मि.मी.ला तीन-चार अँपिअर. 0.2 च्या तारेचं क्षेत्रफळ 0.031 चौ.मि.मी. एलईडीला अगदी 10 मिलिअँपिअर दिले तरी चौरस मि.मी.ला 0.32 अँपिअर होतात, म्हणजे त्याच्याच मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. 0.1 ची घेतली तरी सव्वा अँपिअर. रोधाचं म्हणाल तर 0.2 ची तार मीटरला जेमतेम अर्धा ओहम आणि 0.1 ची सव्वादोन. एलईडीला हजार ओहमचा रेझिस्टर आपण स्वतःच लावतो, तिथे हे कोण विचारतंय! हा हिशोब मी त्याला कागदावर करून दिला. तो म्हणाला, "कागदावर ठीक आहे."

तुम्ही पॉलियुरेथेन इनॅमलची तार मागा. दुकानात 'सोल्डरेबल' म्हटलं की कळतं. पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन. आयर्न 380-400 अंशांवर ठेवा, टोकावर सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवून ठेवा. धूर निघतो, इनॅमल जातं आणि टोक चांदीसारखं चकचकीत होतं. घासाघाशी अजिबात नाही. तो धूर मात्र वाईट, खिडकी उघडी ठेवा.

गेजवर विश्वास ठेवू नका, मि.मी. विचारा. इथला दुकानदार 40 नंबर म्हणतो ती ब्रिटिश गेजने 0.122 मि.मी. आणि अमेरिकन साइटवरची 40 नंबर 0.08. निम्म्याहून कमी तांबं.

0.1 ची कुठे लागते? एचओहून लहान एन स्केलला किंवा 0603 हून लहान 0402 च्या एलईडीला. एचओला उगाच त्रास, बोटांना तार जाणवतच नाही आणि हिसका बसला की गेली.

रेझिस्टर मात्र टेबलाखाली, बारीक तार सुरू होण्याआधी लावा, आणि प्रत्येक एलईडीला वेगळा. मग नळीत इनॅमल खरचटून शॉर्ट झालं तरी काही जळत नाही. डीसीसीचा (रुळांतून गाड्यांना वीज आणि हुकूम देणाऱ्या डिजिटल यंत्रणेचा) करंट थेट या तारेवर आला तर मात्र जळेल, तिथे मेहुणा बरोबर. रुळांच्या फीडरला, म्हणजे रुळांना वीज पोचवायला, ही तार वापरायचीच नाही. आणि हो, वाइंडिंगच्या दुकानातली प्रत्येक तार चिवट इनॅमलचीच असते असंही नाही. रीळवरचं लेबल वाचा, किंवा वीतभर तुकडा आणून टोक सोल्डरमध्ये बुडवून बघा.

सिग्नल चालवायला रिले की अर्डुइनो, हेही विचारलंय तुम्ही. मी साधे रोटरी स्विच वापरतो, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाला विचारा.