न्यू जर्सीला येताय आणि मुलाला डिस्लेक्सिया आहे: शाळेशी कसं बोलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत पुण्याहून एडिसनच्या आसपास राहायला येताय, मुलगा तिसरी संपवून चौथीत जाईल, पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी डिस्लेक्सियाचा (अक्षर-आवाजाची सांगड न बसल्याने वाचन-लेखनात येणारी अडचण) अहवाल दिलाय. तो शाळेला दाखवावा का, दाखवला तर मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील का, आणि घरात मराठी बंद करावी का. माझी मुलगी इथल्याच सरकारी शाळांतून शिकली, आता हायस्कूलला आहे. तिला लहान वयापासून आयईपी (विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा) आहे, म्हणून लिहिते.

अहवाल दाखवा, बिनधास्त. आपल्याकडे ‘शिक्का बसेल’ ही धास्ती असते, तिचं मूळ मला कळतं. पण इथे लपवण्यात तोटाच आहे. प्रवेश घेताना घरी कुठली भाषा बोलता याचा फॉर्म भरावा लागतो. मराठी लिहाल (आणि खरं तेच लिहा) तर मुलाचं इंग्रजी तपासतात, आणि कमी पडलं तर ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी नवीन असलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात घालतात. ईएसएलमध्ये वाईट काही नाही. पण अहवाल हातात नसला की वाचनातली प्रत्येक अडचण इंग्रजीच्या खात्यावर जमा होते. ‘आधी इंग्रजीत रुळू दे, मग बघू’ असं कोणी म्हणालं की सावध व्हा. केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला लर्निंग डिसॅबिलिटी (शिकण्यातली अक्षमता, डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे असं ठरवता येत नाही, हे बरोबर. पण इंग्रजी शिकतोय एवढ्याच कारणाने तपासणी लांबणीवरही टाकता येत नाही.

इथे तुमचा हुकमाचा पत्ता म्हणजे त्याच्या मराठीच्या वह्या. 2020 च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी आहे, त्यामुळे वह्या असणारच. सामान बांधताना रद्दीत घालू नका. ‘मित्र’चं ‘मितर’, ‘स्वच्छ’चं ‘सवछ’, काने-मात्रे उडालेले, फळ्यावरून उतरवताना मधली ओळच गायब, अशी लाल शाईने भरलेली दोन-चार पानं पुरतात. शेजारी त्याच महिन्यातलं इंग्रजीचं पान ठेवा. घरच्या भाषेतही अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नसेल, तर नवीन देश, नवीन भाषा हे कारण मागे पडतं. मराठी न येणाऱ्या शिक्षिकेलाही दोन्ही पानं समोरासमोर ठेवली की मुद्दा कळतो. पुण्याच्या मानसशास्त्रज्ञांकडून प्रत्येक चाचणीचं नाव आणि गुण लिहून घ्या. आपल्याकडे बुद्ध्यांकासाठी बरेचदा मालिन यांची चाचणी वापरतात, ती इथल्या लोकांनी ऐकलेलीही नसते. ‘डिस्लेक्सिया आहे’ एवढ्या निष्कर्षाचं एकपानी प्रमाणपत्र असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि हा अहवाल इथे बंधनकारक नाही, हे आधीच समजून या. दुसऱ्या राज्यातून आयईपी घेऊन आलेल्या मुलाला इथल्या जिल्ह्याने (म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, गावातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) तोडीस तोड सेवा चालू ठेवाव्या लागतात. भारतातून आलेल्या कागदाला तसं संरक्षण नाही. शाळा तो विचारात घेते आणि स्वतःची तपासणी करते. ती फुकट असते, व्हिसा कुठला याचा तिच्याशी संबंध नाही.

आता खरी गोम. महाराष्ट्रात प्रमाणपत्राचा उपयोग मुख्यतः परीक्षेतल्या सवलतींसाठी होतो: जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर. त्यामुळे आपण इथे येऊनही सवलतीच मागतो, आणि शाळा त्या आनंदाने देते, कारण त्यात तिचं फारसं काही जात नाही. जादा वेळाने मुलगा पेपर पूर्ण करेल, वाचायला शिकणार नाही. इथला कायदा त्याला शिकवण्याबद्दल बोलतो. मूळ कायदा 1975 चा, 2004 ची सुधारित आवृत्ती आज लागू आहे. इथे सगळे त्याला ‘आयडिया’ (IDEA, अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा) म्हणतात. त्याखाली मिळतो तो आयईपी, म्हणजे या मुलाला काय, कोण, आठवड्यातून किती वेळा शिकवणार याचा लेखी आराखडा. दुसरा पर्याय 504, तो 1973 च्या पुनर्वसन कायद्यातल्या त्याच क्रमांकाच्या कलमाखालचा. त्यात बहुतेक वेळा सवलतींचीच यादी असते. शाळेने 504 पुढे केला तर नाही म्हणू नका, पण त्यावर समाधानही मानू नका. चौथीतल्या, अजून नीट वाचू न शकणाऱ्या मुलाला शिकवणी हवी.

त्यासाठी पहिलं पाऊल पत्र. शिक्षिकेशी गप्पा, मुख्याध्यापकांना फोन, हे सगळं करा, पण घड्याळ सुरू होतं ते लेखी विनंतीने. ईमेल चालतो. जिल्ह्याच्या स्पेशल सर्व्हिसेस खात्याला (विशेष शिक्षण बघणारं खातं) आणि शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमला (मुलांची तपासणी करणारा तज्ज्ञांचा गट) पाठवा. मजकूर साधा: मुलाचं नाव, इयत्ता, अमुक अडचणी दिसतात, त्याला लर्निंग डिसॅबिलिटी असावी असं वाटतं, विशेष शिक्षणाच्या पात्रतेसाठी संपूर्ण तपासणी करावी, सोबत अहवाल आणि वह्यांची पानं जोडली आहेत. तारीख घालायला विसरू नका. पत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत त्यांना तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. या 20 दिवसांतून शाळेच्या सुट्ट्या वगळतात, पण उन्हाळ्याची सुट्टी वगळत नाहीत. तुम्ही जुलैत येताय, तेव्हा घरभाड्याचा करार, जन्मदाखला, लसीकरणाचा तक्ता देऊन नाव नोंदवलं की लगेच पत्र टाका. सप्टेंबरची वाट बघू नका. शाळा ‘आधी आमच्याकडच्या छोट्या गटात घालून बघू’ म्हणाली तर गटात जाऊ दे, चांगलंच आहे, पण त्या नावाखाली तपासणी थांबवता येत नाही.

तुम्ही संमतीची सही केल्यापासून तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि पात्र ठरल्यास आयईपी लागू होणं, हे सगळं न्यू जर्सीत 90 दिवसांत व्हायला हवं. या तपासणीचे अहवाल तुम्हाला पात्रतेच्या बैठकीच्या किमान 10 दिवस आधी मिळायला हवेत. नाही आले तर मागा, आणि वाचल्याशिवाय बैठकीला जाऊ नका.

बैठकीचं थोडं सांगते, कारण आपण तिथे बिचकतो. टेबलाभोवती पाच-सहा जण: स्कूल सायकॉलॉजिस्ट, एलडीटीसी (म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीची जाणकार शिक्षिका), सोशल वर्कर, वर्गशिक्षिका. सगळे गोड बोलतात आणि तुम्हाला नावाने नाही, ‘मॉम’ म्हणून हाक मारतात. ‘सो मॉम, एनी कन्सर्न्स?’ आपण डॉक्टरांसमोर बसल्यासारखे मान डोलावतो. तसं करू नका. कायद्याने तुम्ही त्या टीमच्या सदस्य आहात. नवऱ्याला बरोबर न्या, एकाने बोलावं, एकाने लिहून घ्यावं. पहिला आयईपी तुमच्या लेखी संमतीशिवाय लागू होत नाही, तेव्हा तिथल्या तिथे सही करायची घाई नको, ‘घरी नेऊन वाचते’ म्हणा.

वाचताना उद्दिष्टं बघा. ‘वाचनात प्रगती करेल’ याला काही अर्थ नाही. आज मिनिटाला किती शब्द बरोबर वाचतो आणि जूनपर्यंत किती वाचायला हवेत, असे आकडे मागा. कुठली पद्धत वापरणार ते विचारा. ऑर्टन-गिलिंगहॅम किंवा विल्सन ही नावं ऐकू येतील. शिकवणाऱ्या बाईंनी त्याचं प्रशिक्षण घेतलंय का, गटात किती मुलं, आठवड्यातून किती दिवस, हे आराखड्यात लिहून घ्या. काही शाळांत ‘आम्ही डिस्लेक्सिया हा शब्द वापरत नाही’ असं अजूनही सांगतात. आयईपीत हा शब्द वापरायला कायद्याची आडकाठी नाही, असं केंद्रीय शिक्षण खात्याने ऑक्टोबर 2015 च्या पत्रात स्पष्ट केलंय. त्या पत्राची प्रत जवळ ठेवा.

हुशार मुलांच्या बाबतीत एक अडचण येते. मार्क बरे असले की ‘पात्र नाही’ म्हणून सांगतात. तुम्हाला तपासणी पटली नाही तर जिल्ह्याच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी लेखी मागता येते. मग जिल्ह्याला एक तर ती मान्य करावी लागते, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे दाखवायला 20 दिवसांत सुनावणी मागावी लागते. स्वतःच्या खिशातून केली तर काही हजार डॉलर जातात. मला विचाराल तर आधी जिल्ह्याच्या खर्चाचा मार्ग वापरा. पत्रात काय लिहावं कळत नसेल तर स्पॅन ही पालकांसाठीची संस्था न्यू जर्सीतच आहे, फोनवर फुकट मार्गदर्शन करते.

वेगळ्या वर्गाची भीती सोडा. मुलाला शक्य तितकं सगळ्यांबरोबरच ठेवायचं, असं कायदाच म्हणतो. डिस्लेक्सियासाठी साधारणपणे वर्गातच दुसरी शिक्षिका असते, किंवा वाचनाच्या तासापुरतं रिसोर्स रूममध्ये (छोट्या गटाला शिकवायची वेगळी खोली) नेतात. बाकी दिवस तो मित्रांबरोबरच.

मराठी बंद करू नका. दोन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही आणि एक सोडल्याने जात नाही. आजीशी फोनवर बोलू दे, गोष्टी ऐकू दे. रविवारच्या मराठी शाळेत घालणार असाल तर तिथल्या शिक्षकांना आधीच सांगा की वर्षभर फक्त बोलणं-ऐकणं, लिहिण्याचा गृहपाठ नको. बहुतेक जण समजून घेतात.

घर बघायच्या आधी एक करा. लोक शाळेचं दहापैकी रेटिंग बघून गाव ठरवतात. त्या आकड्यातून वाचनाची शिकवणी कशी आहे ते कळत नाही. दोन-तीन गावांच्या स्पेशल सर्व्हिसेस खात्याला पुण्यातूनच ईमेल टाका: चौथीच्या मुलांसाठी डिस्लेक्सियाला कुठली पद्धत आहे आणि प्रशिक्षित शिक्षक कोणत्या शाळांत आहेत. काही उत्तरं देणार नाहीत, काही गोलगोल देतील. नेमकं उत्तर जिथून येईल त्या गावात आधी घरं बघा. आणि आल्यावर बुकशेअरवर, म्हणजे वाचनात अडचण असलेल्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, त्याचं खातं उघडा. पात्र विद्यार्थ्यांना ते मोफत आहे, मित्र वाचतात तीच पुस्तकं त्याला कानांनी वाचता येतील.