ट्रॅफिक फीडमधल्या जेएफ, सीएन, क्यूडी या अक्षरांचा अर्थ काय?

तुम्ही दिलेली यादी (पीसी, डीई, क्यूडी, एलई, एसपी, एसयू, एफएफ, जेएफ, सीएन) बघता तुमच्या हाती नकाशे बनवणाऱ्या हिअर कंपनीच्या ट्रॅफिक फ्लोची (रस्त्यांवरच्या वेगाच्या माहितीची) एक्सएमएल फाइल आहे, तीही जुन्या सहाव्या आवृत्तीची. या फाइलीने माझंही डोकं पुरेसं खाल्लं आहे.

सोपं आधी उरकतो. डीई म्हणजे रस्त्याच्या त्या तुकड्याचं वर्णन, एलई त्याची लांबी. एसपी हा आत्ताचा वेग. एफएफ म्हणजे फ्री फ्लो, रस्ता मोकळा असताना गाड्या ज्या वेगाने जातात तो. समजा एलई 1.4 किमी, एफएफ ताशी 46 किमी आणि एसपी ताशी 18 किमी आहे. मग एरवी दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या पट्ट्याला आत्ता जवळजवळ पावणेपाच मिनिटं लागताहेत.

एसयू आणि एसपी बहुतेक वेळा सारखेच दिसतात, म्हणून लोक एक टाकून देतात. तसं करू नका. एसपीला वेगमर्यादेची कात्री लावलेली असते, एसयूला नाही. मर्यादा 50 ची आणि रात्री गाड्या 63 ने पळताहेत, तर एसपी 50 च दाखवेल, खरा आकडा एसयूमध्ये. पोचायची वेळ काढायची असेल तर एसपी घ्या, लोक प्रत्यक्षात कसे चालवतात ते बघायचं असेल तर एसयू.

जेएफ म्हणजे जॅम फॅक्टर, 0 ते 10. 10 म्हणजे रस्ताच बंद. उणे 1 आला तर आकडा काढताच आला नाही असं समजायचं. तो सरासरीत मिसळलात की सगळा रस्ता उगाच मोकळा दिसू लागतो. सीएन हा भरवशाचा आकडा, 0 ते 1. वेग काढताना ताजी माहिती कितपत वापरली ते तो सांगतो. सीएन कमी असेल तर तो वेग जुन्या नोंदींवरून किंवा नुसत्या वेगमर्यादेवरून बसवलेला असू शकतो. नकाशावर लाल-हिरवा रंग भरण्याआधी मी सीएन बघतो.

आता क्यूडी. यात अधिक किंवा उणे एवढंच चिन्ह असतं. ते प्रवासाची दिशा सांगतं असं मी गृहीत धरलं आणि नकाशावरचे सगळे बाण उलटे निघाले. दोन दिवस मी नकाशाच्या लायब्ररीला शिव्या घालत होतो! क्यूडी म्हणजे क्यू डिरेक्शन, रांग ज्या बाजूला वाढते ती दिशा. गाड्या पुढे जातात, रांगेचं शेपूट मागे वाढतं. तुकड्याच्या पूर्ण ओळखक्रमांकातलं चिन्ह प्रवासाची दिशा सांगतं, त्यामुळे तिथे अधिक असेल तर क्यूडीत उणे दिसतं.

हे विचित्र वाटतं, पण मूळ एफएम रेडिओत आहे. युरोपात टीएमसी नावाची पद्धत रुजली. तिच्यात वाहतुकीचा निरोप आरडीएस या एफएमसोबत जाणाऱ्या डेटा वाहिनीतून, गाण्यांच्या आडून, गाडीतल्या यंत्राकडे जायचा. एका निरोपाला मिळायचे जेमतेम 37 बिट. त्यात 16 बिट ठिकाणाच्या क्रमांकाचे, 11 बिट काय घडलं त्याचे, आणि दिशेला फक्त 1. ठिकाण द्यायचं ते कोंडीच्या तोंडाचं, आणि तिथून मागे रांग किती टप्पे पोचली ते मोजायचं. म्हणून दिशाही रांगेचीच. तुमच्या फाइलीतला पीसी हा त्यातलाच ठिकाणाचा क्रमांक. एकटा पीसी पुरेसा नसतो, बाहेरच्या आरडब्ल्यू घटकातला (म्हणजे अख्ख्या रस्त्याच्या नोंदीतला) एलआय हा रस्त्याचा क्रमांक जोडला की रस्ता नक्की होतो.

पुढेमागे सातव्या आवृत्तीवर जाल तेव्हा जेसनमध्ये पूर्ण नावं मिळतील, ही अक्षरं सोडवत बसावं लागणार नाही. फक्त तिथे वेग मीटर प्रति सेकंदात येतो. 13.9 दिसलं की 3.6 ने गुणा, तो ताशी 50 किमीचा वेग आहे. मी एकदा गुणायचं विसरलो आणि भर दुपारी अख्खं शहर तुंबलेलं दाखवलं.