कादंबरी पूर्ण वाचली नाही, तर त्यावरचा विनोदी सिनेमा कळेल का?

'ट्रिस्ट्रम शँडी' ही कादंबरी वीस पानांपुढे सरकत नाही, मग तिच्यावरचा 'अ कॉक अँड बुल स्टोरी' बघू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर बघा, आणि आधी सिनेमाच बघा.

मी तो सदाशिव पेठेत, घरीच, आई-बाबांबरोबर पाहिला. अर्धा तास झाला असेल, आई म्हणाली, "अरे, हा जन्माला येणार तरी कधी?" तिने पुस्तकाला हातही लावलेला नव्हता, पण कादंबरीची मूळ गंमत तिने अचूक पकडली होती. लॉरेन्स स्टर्नने 1759 ते 1767 या काळात नऊ खंडांत हे पुस्तक काढलं. नायक स्वतःचं चरित्र सांगायला बसतो आणि तिसरा खंड येईपर्यंत जन्मतच नाही, कारण मध्येच टोबीकाका येतो. नामूरच्या वेढ्यात जांघेत जखम झालेला हा सैनिक आता मैदानात छोटे बुरूज, खंदक बांधतो. आपण दिवाळीत अंगणात किल्ला करतो ना, तसाच. फक्त त्याची दिवाळी संपतच नाही. फार लोभस माणूस आहे हा.

मायकेल विंटरबॉटमचा 2005 चा सिनेमा आहे तो या कादंबरीवर सिनेमा काढू पाहणाऱ्या मंडळींचा. स्टीव्ह कूगन ट्रिस्ट्रम होतो, त्याचा बाप होतो आणि स्वतः कूगनही होतो. टोबी झालेल्या रॉब ब्रायडनपेक्षा आपण उंच दिसावं म्हणून बुटाच्या टाचेवरून त्याची कुरकुर चालते. लढाईला पैसे कुठून आणायचे, टोबीवर जीव जडलेल्या विधवा वॉडमनचं प्रकरण घ्यायचं की नाही, यातच वेळ जातो. पुस्तक फारसं आलंच नाही, अशी तक्रार कोणी केली तर मला ती पटत नाही. नारद मंदिरात कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. बुवा एका अभंगावरून दहा दृष्टांतांत शिरतात आणि पूर्वरंग रंगला की उत्तररंगाची घाई कोणालाच नसते. स्टर्नची विषयांतरं तशी आहेत. ती गाळून नुसती गोष्ट काढली असती तर हाती काहीच उरलं नसतं.

सिनेमा संपल्यावर बाबांनी पुस्तक मागितलं. अप्पा बळवंत चौकात घेतलेली जुनी प्रत होती. पाद्री योरिक मरतो तिथे स्टर्नने एक अख्खं पान दोन्ही बाजूंनी काळं छापलंय. बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलं. त्यांनी पान दिव्यासमोर धरलं, काळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खिळ्यांच्या काळात एवढा काळा ठोकळा सारखा उठवायचा म्हणजे खायचं काम नाही. कडेला बघ, शाई कुठे फुटलेली नाही." मग बराच वेळ ते त्या पानाकडेच बघत होते.

सिनेमा पाहिल्यावर पुस्तक पुन्हा हातात घ्या आणि मोठ्याने वाचा. त्यात आडव्या रेघा फार आहेत; त्या दिसल्या की जरा थांबायचं, बोलणारा माणूस थांबतो तसं. ते काळं पान पहिल्या खंडातच आहे, तुम्ही जिथे अडलात तिथून फार लांब नाही. निदान तिथपर्यंत जा.